दुपारची फेरी

चालण्याचा पगार मिळणारी माणसं जगात फार नसतात. आकडेमामा त्यांतले एक होते. शहराच्या पाणीखात्यात ते मीटर वाचत. सकाळी साडेआठला बगलेत नोंदवही घेऊन निघायचं, ठरलेल्या गल्ल्यांतून घरोघर जायचं, जमिनीतल्या पेटीचं लोखंडी झाकण उचलायचं, उकिडवं बसून काचेवरची धूळ अंगठ्याने पुसायची, आकडा वाचायचा, लिहायचा आणि पुढच्या घराकडे वळायचं. हे त्यांनी चोवीस वर्षं केलं. त्यांचं खरं नाव पगारपत्रकाशिवाय कुठे दिसत नसे. कुठल्याशा गल्लीतल्या पोरांनी त्यांना आकडेमामा म्हटलं आणि ते नाव असं चिकटलं की कचेरीतले साहेब तेच म्हणत आणि चिडली की बायकोही तेच म्हणे.

नोंदवहीत पाच रकाने असत. तारीख, वेळ, जागा, आकडा आणि शेरा. मामा नोकरीत नवे होते तेव्हा त्यांनी एका घरापुढे शेऱ्यात 'मालक तापट, कुत्रंही तसंच' असं लिहून ठेवलं होतं. त्या वेळच्या मुकादमाने त्यांना सगळ्यांदेखत उभं केलं. "शेरा मीटरबद्दल असतो, माणसाबद्दल नाही," तो म्हणाला. "काच फुटली, झाकण गंजलं, जिना हलतो, एवढंच. आणि पाहिलंत तेच लिहायचं. ऐकलंत ते नाही, वाटलं ते नाही." मामांनी हे इतकं मनावर घेतलं की घरी चिठ्ठी ठेवायची झाली तरी ते तारीख, वेळ आणि जागा घालत. लग्नानंतर माहेरी गेलेल्या बायकोला त्यांनी पाठवलेलं पहिलं पत्र चार ओळींचं होतं आणि त्यातली एक ओळ हवामानाची होती. तिने ते जपून ठेवलं होतं, हसायला.

फेरीतल्या एका जुन्या इमारतीचं मीटर गच्चीवरच्या टाकीपाशी होतं. वर जायला मागच्या अंगाने लोखंडी जिना. इमारतीची देखभाल एका कंपनीकडे होती, म्हणजे तशी पाटी होती. देखभाल कोणी पाहिली नव्हती. जिन्याची वरून तिसरी पायरी हलायला लागली तेव्हा मामांनी शेरा लिहिला, 'मागचा जिना, वरून तिसरी पायरी हलते.' नियमाप्रमाणे कचेरीतून कंपनीला चिठ्ठी गेली. पुढच्या महिन्यात पुन्हा तोच शेरा, त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा. चौथ्या महिन्यात चढताना मामांनी सवयीने तिसरी पायरी सोडली, दुसरीवर पाय ठेवला, आणि मोडली ती दुसरी. गंज काही एका पायरीवर थांबत नाही. दोन मजल्यांवरून ते पाठीवर पडले. पडताना वही हातातून सुटली नाही, हे त्यांनी नंतर कितीतरी जणांना सांगितलं. बाकी सांगण्यासारखं त्यांना काही आठवत नव्हतं.

पाठीचा कणा मोडला होता आणि त्याच्या आतल्या मज्जारज्जूला इजा झाली होती. पाय जागेवर होते, बोटं मोजून दहा होती, पण मामांचा निरोप त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हता आणि त्यांचा निरोप मामांपर्यंत येत नव्हता. डॉक्टरांनी नवरा-बायकोला वेगवेगळं बोलावून सांगितलं की ह्यात आता फरक पडणार नाही. दोघांनीही मान हलवली, आणि हे दुसऱ्याला कळू द्यायचं नाही असं दोघांनीही मनाशी ठरवलं. त्यामुळे घरात गंमत अशी झाली की ज्यांना सगळं माहीत होतं ती दोनच माणसं रोज एकमेकांची समजूत घालत बसली. "उभे राहिलात की हे छत रंगवून घेऊ," बायको म्हणे. "आधी तुझी शिलाईमशीन खिडकीपाशी सरकवतो," मामा म्हणत.

घर तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही, पायऱ्या अठ्ठेचाळीस. दवाखान्याची तारीख असली की मेव्हणा यायचा, शेजारचे दोघे यायचे, आणि मामा खुर्चीसकट खाली जायचे. "भाऊजी, जरा जेवण कमी करा," मेव्हणा धापा टाकत म्हणायचा. "नाहीतर आमच्याही पाठीसाठी वकील बघावा लागेल." मामा हसायचे आणि खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून ठेवायचे. तेवढे दिवस सोडले तर ते पलंगावर असत. बायको समोर बसून लोकांचे कपडे दुरुस्त करायची, दर दोन तासांनी उठून त्यांची कूस बदलायची, कुठे कातडी लाल झाली का ते आरसा धरून पाहायची. ज्या माणसाने चोवीस वर्षं अख्खं शहर तुडवलं त्याच्या वाट्याला आता एक खिडकी आली होती, आणि त्या खिडकीतून समोरच्या घराच्या गच्चीवरचं दोरीवरचं धुणं दिसे.

कंपनीवर खटला भरला होता; भरपाई मिळाली तर तळमजल्यावर जागा घेता येणार होती. रुंद दारांची, उंबरा नसलेली. मामांचं सगळं मागणं एवढंच होतं. आपल्या हातांनी चाकं फिरवावीत आणि कोणाला हाक न मारता दाराबाहेर पडावं.

खटला ज्यांनी चालवायला घेतला त्या वकीलबाई अंगाने भरलेल्या होत्या आणि त्यांच्या गालात कायम पेपरमिंटची गोळी असे. तीन मजले चढून आल्या की पहिली पाच मिनिटं त्या नुसत्या हातांनी बोलत. "कंपनी म्हणते जिना धडधाकट होता," श्वास जागेवर आल्यावर त्यांनी सांगितलं. "तुमच्या खात्याच्या चिठ्ठ्या आम्हाला मिळाल्याच नाहीत म्हणते. तुम्ही पडल्यावर आठवड्याच्या आत त्यांनी जिना बदलला, त्यामुळे दाखवायला जुनी पायरीही उरलेली नाही. आपल्याकडे आहे फक्त तुमची वही. चोवीस वर्षांत ह्या माणसाने एक खोटी नोंद केलेली नाही, असं मी सांगणार आहे. सगळा खटला त्या एका वाक्यावर आहे, मामा."

"ते खरंच आहे," मामा म्हणाले.

"आणखी एक करा. आता रोज काय होतं, काय करता येत नाही, तेही लिहीत जा. तारखेसकट. न्यायाधीशांना तुमचा दिवस दिसला पाहिजे."

मामांना कित्येक महिन्यांत कोणी काम सांगितलं नव्हतं. त्यांनी कचेरीतून कोरी नोंदवही मागवून घेतली, तीच हिरव्या कापडी पुठ्ठ्याची, आणि पाच रकाने पाडून सुरुवात केली. सकाळी सहा. पलंग. आकड्याच्या रकान्यात काय लिहावं ह्यावर ते थोडे अडले, मग त्यांनी लघवीच्या पिशवीवरची खूण वाचून लिहिलं, ३५०. शेरा, 'उजव्या टाचेवर जखम, ओली.' स्वतःच्या टाचेबद्दल शेरा लिहिताना त्यांना लाज वाटली. पण वकीलबाईंनी सांगितलं होतं, आणि टाच त्यांना जाणवतच नव्हती, त्यामुळे ती दुसऱ्याच कोणाची आहे असं समजून ते लिहीत गेले.

दुपारची गोष्ट वेगळी होती.

जेवणानंतरची गोळी घेतली की मामांना झोप लागे, आणि झोपेत ते कामावर जात. घरातून निघाल्याचं कधी दिसत नसे. एकदम बेकरीच्या कोपऱ्यावरच असत, वही बगलेत, ऊन कोवळं, आणि पावाचा वास रस्ताभर सांडलेला. रस्त्यावर गर्दी असे पण कोणाचा धक्का लागत नसे. दुकानदार माना हलवत, निळ्या फाटकापाशी झोपलेलं मांजर एक डोळा उघडून पुन्हा मिटे. ते चालत. आधी टाच टेके, मग तळवा, मग बोटं, आणि हे इतकं सावकाश होई की प्रत्येक पावलाचा त्यांना वेगळा आनंद होई. चपलेत खडा शिरला तर तोही सुखाचा वाटे. कधी कधी रस्ता किंचित पारदर्शक होई आणि खाली जमिनीतून जाणारे नळ दिसत, त्यांतलं पाणी घरोघर वळताना ऐकू येई. गाणं शिकवणाऱ्या एका बाईंच्या फाटकाशी ते बसत. आतून कोणीतरी एकच ओळ पुन्हा पुन्हा घोकत असे आणि चुकत असे. मामा झाकण उचलत, अंगठ्याने काच पुसत. आकडा स्वच्छ दिसे. तो लिहून ते उठत, उठताना गुडघे कटकन वाजत, आणि तो आवाज ऐकून त्यांना हसू येई. मग आणखी दोन घरं, शाळेची भिंत, बंद पडलेलं छापखान्याचं दार. त्यापुढच्या वळणावर ती इमारत होती. तिथवर ते कधी पोहोचत नसत. वळणावर ऊन फार पांढरं होई आणि कपबशीचा आवाज येई.

बायको चहा घेऊन उभी असे. "किती गाढ झोपता," ती म्हणे. मामांना क्षणभर ती ओळखू येत नसे, मग येई, आणि मग त्यांना आपल्या पायांचं आठवे. तो क्षण रोज वाईट असे. त्याची सवय अशी कधी झालीच नाही.

चहा पिऊन झाला की ते वही उलटी करत आणि मागच्या पानापासून लिहीत. एका फेरीची नोंद फेरीसारखीच करायची, दुसरं त्यांना येत नव्हतं. 'तारीख बारा. दुपारी पावणेतीन. बेकरीपासून निघालो. गाणं शिकवणाऱ्या बाई, आकडा ४८२१. शेरा, झाकण घट्ट.' खाली सही. आपण झोपेत होतो हे त्यांनी कुठे लिहिलं नाही. त्यासाठी रकानाच नव्हता. बायकोला ही पानं त्यांनी दाखवली नाहीत, कारण दाखवली असती तर चालण्याचा विषय निघाला असता.

सुनावणी जवळ आली तेव्हा वकीलबाईंचा कारकून वही न्यायला आला. मामा झोपलेले होते. बायकोने वही उशाखालून काढून त्याला दिली. त्याने पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळ्याच्या प्रती काढल्या, जुन्या नोंदवह्यांबरोबर गठ्ठा बांधला आणि तो न्यायालयात दाखल करून मोकळा झाला. वकीलबाईंनी पुढची वीस पानं वाचली, त्यांचे डोळे भरून आले, आणि मागची पानं कोरीच असणार असं धरून त्यांनी वही मिटली. वही मागून लिहिणारी माणसं त्यांच्या पाहण्यात नव्हती.

कंपनीच्या वकिलांनी मात्र वही शेवटपासून चाळली.

न्यायालयाची खोली तळमजल्यावर होती, पण तिच्या दाराला दोन दगडी पायऱ्या होत्या. अपंगांना भरपाई देणाऱ्यांना त्या कधी खुपल्या नव्हत्या. मेव्हण्याने आणि शिपायाने खुर्ची उचलून आत ठेवली. खोली उंच, खिडक्या त्याहून उंच, आणि त्यांतून येणारं ऊन फायलींवर तिरकं पडलेलं. न्यायाधीश वयस्क होते, त्यांना पडसं झालं होतं आणि हातरुमाल त्यांच्या कागदांइतकाच कामात होता. बायको मागच्या बाकावर बसली. तिने घड्या मोडू नयेत म्हणून पदर नीट मांडीवर घेतला आणि नंतर दिवसभर तो पिळत बसली.

सकाळ चांगली गेली. वकीलबाईंनी जुन्या वह्यांतले जिन्याचे तिन्ही शेरे वाचून दाखवले. पाणीखात्याच्या साहेबांनी येऊन सांगितलं की आकडेमामांच्या वहीचा कचेरीत कधी फेरतपास करावा लागला नाही. मग कंपनीचे वकील उठले. सडपातळ, शांत, आवाज असा मऊ की भांडण करतायत असं वाटूच नये.

"मामा, तुम्ही वहीत खोटं लिहीत नाही."

"नाही."

"पाहिलं तेच लिहिता."

"हो."

"मग हे तुमच्याच हातचं आहे ना? मी वाचतो." आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली. "तारीख बारा. दुपारी पावणेतीन. बेकरीपासून निघालो."

वकीलबाईंच्या गालातली गोळी जागच्या जागी थांबली. मेव्हणा उठून उभा राहिला आणि शिपायाने त्याला खाली बसवलं. कंपनीचे वकील एकामागून एक फेरी वाचत होते आणि वाचत होते सुरेख, स्वल्पविराम सांभाळून. मामांचं मात्र खोलीतल्या गडबडीकडे लक्ष राहिलं नाही. त्यांनी डोळे मिटले. मोठ्याने वाचलेली आपली फेरी ते पहिल्यांदा ऐकत होते, आणि ऐकता ऐकता ते निघाले. बेकरीचा वास आला. निळं फाटक आलं. भर न्यायालयात, इतक्या माणसांदेखत, तो खडा चपलेत शिरला. गाणं शिकवणाऱ्या बाईंच्या घरातून ती ओळ ऐकू येत होती आणि आज ती जवळजवळ बरोबर येत होती.

"अपघातानंतर चौदा वेळा," तो मऊ आवाज म्हणाला, "हे गृहस्थ फिरून आले आहेत. हे खरं असेल तर ते चालतात. खोटं असेल तर ते वहीत खोटं लिहितात, मग जिन्याचे शेरेही तसलेच. दोन्हींतलं कोणतं, ते त्यांनीच सांगावं."

न्यायाधीशांनी पंधरा मिनिटांची सुट्टी दिली. वकीलबाई मामांना बाहेरच्या व्हरांड्यात घेऊन गेल्या. "काय केलंत हो हे? बरं, झालं ते झालं. सांगा, वेळ जात नव्हता म्हणून गोष्ट रचली."

"रचली नाही."

"मामा!"

"रचली म्हटलं तर उद्या जिनाही रचलेला ठरेल. आणि तो हलत होता, बाई. तीन वेळा हलला."

वकीलबाईंनी दुसरी गोळी तोंडात टाकली. मामांना भीती वाटत होती. पण ती तळमजल्याच्या जागेची नव्हती, निदान तेव्हा तरी नव्हती. आत गेल्यावर जे बोलावं लागणार ते मागच्या बाकावर ऐकू जाणार होतं, ह्याची होती.

पुन्हा सगळे आत आले तेव्हा न्यायाधीश चष्मा कपाळावर चढवून वहीत डोकं घालून बसले होते. त्यांनी हातानेच सगळ्यांना थांबवलं. "मला एक सांगा," ते मामांना म्हणाले. "ह्या गाणं शिकवणाऱ्या बाई. पहिल्या फेरीत त्यांचा आकडा ४८२१. दुसऱ्या फेरीत ४७९६. तिसऱ्या फेरीत ४७६०. मीटर कधी उलटं फिरतं का?"

"नाही साहेब. कधीच नाही."

"मग हे उलटं चाललंय."

मामांनी मान पुढे केली. शिपायाने वही त्यांच्यासमोर धरली. त्यांनी आपलंच अक्षर वरून खाली वाचलं, आणि चौदा दुपारी हाताखालून गेलेली चूक त्यांना पहिल्यांदा दिसली. चोवीस वर्षांत कुठल्याही नव्या पोराची असली नोंद त्यांनी लांबून ओळखली असती.

न्यायाधीशांनी गठ्ठ्यातली जुनी वही ओढली, जिन्याच्या शेऱ्यांसाठी दाखल केलेली. पानं उलटत ते एकेक आकडा मोठ्याने वाचू लागले. ४८२१ हा अपघाताच्या आदल्या महिन्याचा आकडा होता. ४७९६ त्याच्या आदल्या महिन्याचा. ४७६० त्याच्याही आदला. शेजारच्या घरांचेही तसेच. प्रत्येक दुपारी मामा एकेक महिना मागे गेले होते, आणि मागे जाताना प्रत्येक काचेवर त्या वेळी जे दिसलं तेच त्यांनी पाहिलं होतं. न्यायाधीशांनी नाक पुसलं, आणि ते पडशामुळेच होतं असं म्हणवत नाही.

"तुम्ही हे झोपेत पाहिलंत," ते म्हणाले.

"हो साहेब. दुपारी."

"मग शेऱ्यात तसं का नाही लिहिलंत? एक शब्द लिहिला असतात तर हे सगळं वाचलं असतं."

"शेरा मीटरबद्दल असतो, साहेब," मामा म्हणाले. "माणसाबद्दल नाही."

कोणीतरी हसलं, आणि लगेच थांबलं. न्यायाधीश मात्र हसले नाहीत. त्यांनी चष्मा खाली घेतला. "आता माणसाबद्दल विचारतो. तुम्ही चालता का?"

"नाही."

"पुढे कधी चालाल असं तुम्हाला वाटतं?"

वाटलं ते लिहायचं नाही, हे मामांना आठवलं. पण हे वाटलेलं नव्हतं, हे पक्कं माहीत असलेलं होतं. त्यांनी मागे वळून बाकाकडे पाहिलं. बायको पदर पिळायची थांबली होती. तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं की त्यांना वाटलं हे बोलण्यापेक्षा खटला गेलेला परवडेल. मग तिने मान हलवली, अगदी थोडी, कपात साखर पुरे झाली म्हणून सांगावं तेवढी.

"नाही साहेब," मामा म्हणाले. "मी आता चालणार नाही."

हे शब्द त्यांनी ह्यापूर्वी स्वतःशीही उच्चारले नव्हते. उच्चारल्यावर जग कोसळलं वगैरे नाही. खिडकीतलं ऊन होतं तिथेच होतं आणि कारकून ते वाक्य लिहून घेत होता. पण मामांना रडू आलं, आणि ते त्यांनी लपवलं नाही.

निकाल तीन महिन्यांनी लागला. जिन्याची देखभाल न केल्याचा दोष कंपनीवर आला आणि भरपाई मंजूर झाली. कंपनीने वरच्या न्यायालयात जायची धमकी दिली, पण ती नुसतीच धमकी निघाली. वकीलबाईंनी निकालाची प्रत स्वतः आणून दिली, तिसऱ्या मजल्यावर शेवटचं चढून. "ह्यापुढे मी तुमच्याकडे चालत येईन, चढत नाही," त्या म्हणाल्या, आणि पाच मिनिटं बसून राहिल्या.

तळमजल्याच्या दोन खोल्या मिळाल्या. दार इतकं रुंद की मेव्हणा म्हणाला, "भाऊजी, ह्यातून तर हत्तीही जाईल." पहिल्या दिवशी मामा सात वेळा बाहेर गेले आणि सात वेळा आत आले. काही काम नव्हतं. आठव्या वेळी बायको ओरडली, "आकडेमामा, दमाल!" पण तिचा आवाज चिडलेला नव्हता.

घरात आता छत रंगवायचं कोणी काढत नव्हतं. दोघं खरं बोलायला लागले होते आणि त्याची दोघांनाही थोडी अडचण होत होती, नव्या चपलांची होते तशी. रात्री कूस बदलताना ती म्हणायची, "हे जन्मभर करायचंय मला," आणि ते म्हणायचे, "हो," आणि मग दोघंही थोडा वेळ काही बोलत नसत. ते गप्प बसणं पूर्वीच्या गप्पांपेक्षा बरं होतं.

तरी एक गोष्ट तिने मनात ठेवली होती. न्यायालयापासून ठेवली होती, तिथल्या बाकावर एकेक फेरी कानांनी मोजत असताना. एका दुपारी ती दारापाशी उजेडाला बसून कोणाच्या तरी कोटाचं अस्तर शिवत होती आणि मामा शेजारी खुर्चीत होते. रस्त्यावरून शाळेतली पोरं चालली होती. तिने मान वर न करता विचारलं.

"त्या फेऱ्यांमध्ये कधी मी होते का हो?"

हो म्हणायला काय लागत होतं? निळ्या फाटकापाशी उभी होतीस म्हणता आलं असतं. बेकरीत होतीस म्हणता आलं असतं. मामांनी एकेक दुपार नीट आठवून पाहिली, सगळ्या चौदा. आठवताना त्यांना फार वाईट वाटलं, कारण उत्तर तेच राहिलं.

"नाही," ते म्हणाले.

तिने टाका पुरा केला आणि दोरा दातांनी तोडला.

"नसणारच," ती म्हणाली. "मी इथं होते ना. तिथं गेले असते तर तुम्हाला उठवायला चहा घेऊन कोण आलं असतं?" मग तिने सुई आणि दोरा त्यांच्यापुढे धरला. "घ्या, एवढं ओवून द्या. मला हल्ली दिसत नाही."

मामांनी सुई घेतली. पहिल्या खेपेला दोरा चुकला, कारण डोळ्यांत पाणी होतं. दुसऱ्या खेपेला गेला.